हिमोग्लोबिन मोजता, तसं पाळीचंही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यातल्या शाळांमधून मुलींची हिमोग्लोबिन तपासणी सुरू झाल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. मुली डबा नीट खात नाहीत, पालेभाजी टाकतात, बाहेरची पाकिटं खातात, म्हणून रक्त कमी, असं त्या बातमीत म्हटलं होतं. यात खोटं काही नाही. मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि लोहाच्या निळ्या गोळ्या वाटण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. दर सोमवारी मधल्या सुट्टीत डबा झाला की एकेकाने माझ्यासमोर गोळी गिळायची आणि मी वहीत खूण करायची. योजना चांगली आहे, ती चालू राहिलीच पाहिजे. पण मुलीचं रक्त कमी का, ही चौकशी तिच्या ताटापाशी येऊन थांबते. तिच्या अंगावरून दर महिन्याला किती जातं, हे कुणी विचारत नाही.

ते विचारायला हवं, कारण काही मुलींच्या रक्तातच गोठण्याचा दोष असतो, आणि तो ठळकपणे दिसायला लागतो तो पाळी सुरू झाल्यावर.

माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आज बावीस वर्षांची आहे. "मावशी, माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही," असं तिनेच सांगितलं, म्हणून लिहिते. लहानपणी तिचा घोळणा सारखा फुटायचा. घरचे म्हणायचे, उष्णता आहे. मग डोक्यावर गार पाणी, नाकाशी कांदा, सब्जाचं पाणी. कुठे पडलेली-धडपडलेली नसतानाही दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग असायचे. बाराव्या वर्षी पाळी आली ती नऊ-दहा दिवस थांबेना, आणि पुढे दर महिन्याला तेच. रात्री गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या चादरीची घडी, मागेपुढे लावलेले दोन पॅड आणि उशाशी दोनचा गजर. त्या वेळी उठून बदललं नाही तर सकाळी सगळं अंथरूण धुवायला. गाठी पडायच्या त्या दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या. पहिले दोन दिवस शाळा नाही, आणि तिसऱ्या दिवशी गेली तरी कमरेला स्वेटर बांधून शेवटच्या बाकावर.

माझी बहीण यावर काय म्हणायची? "आमच्यात असंच जातं. माझंही असंच होतं, आईचंही." हे वाक्य मी तेव्हापासून कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलंय. जो दोष आईकडून लेकीला येतो, तो त्या घराला दोष वाटतच नाही. आजीला तसं, आईला तसं, मावशीला तसं, म्हणजे बायकांना तसंच जात असणार. मुलगी मैत्रिणींना विचारणार नाही, आई शेजारणीला विचारणार नाही, आणि सगळ्या पिढ्या तोच गजर लावून उठत राहतात.

दवाखाने झाले नाहीत असं नाही. सोनोग्राफीत गर्भाशय, अंडाशय सगळं व्यवस्थित. "वय लहान आहे, दोन-तीन वर्षांत पाळी मार्गी लागेल," असं सांगितलं गेलं. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या वर्षांत बीज वेळेवर न सुटल्याने बऱ्याच मुलींना जास्त जातं, त्यामुळे हे सांगणंही अगदी निराधार नव्हतं. हार्मोनच्या गोळ्यांनी थांबायचं, गोळ्या बंद केल्या की पुन्हा सुरू. दहावीच्या वर्षी हिमोग्लोबिन सहाच्या खाली गेलं आणि रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. डिस्चार्ज कार्डवर शेवटी लिहिलं होतं : आहार सुधारावा, लोहाच्या गोळ्या तीन महिने. इतकं रक्त गेलं कशाने, याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. एवढ्या खाली गेलेल्या मुलीच्या बाबतीतही तो प्रश्न कुणाला पडू नये, याचा मला आजही राग येतो.

प्रश्न पडला तो दाताच्या डॉक्टरांना. दाढ काढली त्या रात्री तिच्या तोंडातून रक्त थांबेना, कापसाचे बोळे भिजत राहिले. दुसऱ्या दिवशी टाके घालून त्यांनी तिला खुर्चीतच बसवून ठेवलं आणि विचारलं : घोळणा फुटतो का? पाळी किती दिवस जाते? पॅड किती वेळात भिजतो? कधी रक्त चढवलंय? आईच्या बाळंतपणात जास्त गेलं होतं का? घरात कुणाचं ऑपरेशननंतर रक्त थांबलं नव्हतं का? सहा प्रश्न, आणि सहाही उत्तरं एकाच दिशेने बोट दाखवणारी. सोनोग्राफीच्या यंत्रात जे कधी दिसणारच नव्हतं, ते या प्रश्नांत सापडलं.

पुढची गोष्ट वाचकांनी जरा लक्ष देऊन वाचावी, कारण इथे पुष्कळ मुली सुटतात. गावातल्या लॅबमध्ये पीटी आणि एपीटीटी या गोठण्याच्या नेहमीच्या दोन तपासण्या केल्या. दोन्ही नॉर्मल. प्लेटलेटची संख्याही नॉर्मल. घरचे म्हणाले, झालं, काही नाही. दाताचे डॉक्टर मात्र अडून बसले, की या तपासण्या नॉर्मल असूनही दोष असू शकतो. त्यांनी पुण्याला रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं रक्तातलं प्रथिन मोजलं. साधारणपणे ते ५० च्या वर असावं लागतं, तिचं २८ निघालं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हाही तिशीच्या आतच. व्हॉन विलब्रँड आजार, पहिला प्रकार. नाव कळलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

हे प्रथिन करतं काय, ते मी वर्गात मुलींना असं सांगते : जखम झाली की प्लेटलेट धावून येतात, पण फाटलेल्या रक्तवाहिनीला त्या चिकटाव्यात म्हणून मध्ये विटांमधल्या सिमेंटसारखं काहीतरी लागतं, ते हे. शिवाय गोठण्याच्या साखळीतला फॅक्टर आठ नावाचा घटकही हेच प्रथिन सांभाळून नेतं. हे प्रथिन कमी असेल तर नाक, हिरड्या, आतडी आणि गर्भाशय यांच्या नाजूक अस्तरातून रक्त जास्त वेळ जातं. त्याचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे, मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही, म्हणून हा आजार आई किंवा बाप, कुणाकडूनही येतो आणि मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच होतो. पण मुलग्याला दर महिन्याला रक्तस्राव होत नाही, म्हणून त्रास बाईच्या वाट्याला जास्त येतो.

या आजाराची पहिली नोंदच मुळी एका मुलीची आहे. फिनलंडमधले डॉक्टर एरिक व्हॉन विलब्रँड यांनी १९२४ मध्ये आलांड बेटांवरच्या पाच वर्षांच्या एका मुलीला तपासलं. तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने गेल्या होत्या. डॉक्टरांनी तिच्या नात्यागोत्यातल्या माणसांची माहिती गोळा करून १९२६ मध्ये ती प्रसिद्ध केली. हिमोफिलिया हा रक्त न गोठण्याचा आजार मुख्यतः पुरुषांचा, तर हा आजार स्त्रियांनाही होतो, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. पुढे ती मुलगी तेराव्या वर्षी, तिच्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने मरण पावली. मी हे वाचलं तेव्हा माझ्या वर्गातल्या आठवीच्या मुली डोळ्यांपुढे आल्या. तेराच वर्षांच्या असतात त्या.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितलंय, की पाळीत फार जातं म्हणून दाखवायला आलेल्या किशोरवयीन मुलींपैकी साधारण २० टक्के मुलींमध्ये गोठण्याचा काही ना काही दोष सापडतो. याच कारणाने रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्या मुलींमध्ये हे प्रमाण ३३ टक्के आहे. म्हणजे तिघींत एक. तिथे अशा मुलीला पहिल्याच भेटीत रक्तस्रावाचा कौटुंबिक इतिहास विचारावा आणि तपासण्या कराव्यात, असा सल्ला आहे. आपल्याकडे तिघींपैकी ती एक कार्डवर "आहार सुधारावा" घेऊन घरी जाते.

व्हॉन विलब्रँड हा एकच दोष नव्हे. ग्लान्झमन नावाच्या आजारात प्लेटलेट मोजायला पुरेशा भरतात पण एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून साध्या रक्त तपासणीत पत्ता लागत नाही. हा आजार, आणि व्हॉन विलब्रँडचा सगळ्यात तीव्र असा तिसरा प्रकार, आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. आपल्या भागात मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी लग्नं अजून लागतात. अशा घरातल्या मुलीला पदर आल्यावर भरपूर जात असेल, तर तिच्या बाबतीत दुप्पट सावध राहायला हवं.

आता माझ्या बहिणीचं. पस्तिशीत तिची पिशवी काढली. कारण एवढंच, की फार जातं आणि दोन मुलं झालीत. गाठ नाही, फायब्रॉइड नाही. ऑपरेशननंतर दोन दिवस रक्त झिरपत राहिलं, पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं, तीन बाटल्या चढवल्या. तेव्हाही रक्त का थांबत नाही, हे कुणी तपासलं नाही. लेकीचं निदान झाल्यावर तिची तपासणी केली, तीही तिशीच्या आसपासच निघाली. माझी पातळी व्यवस्थित आहे. आमच्या आईला आमच्या धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणानंतर सव्वा महिना उलटला तरी जात होतं, हे आम्ही ऐकून होतो. गरोदरपणात या प्रथिनाची पातळी आपोआप वाढते आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत पुन्हा खाली येते, म्हणून अशा बायकांना खरा धोका बाळ झाल्यानंतरच्या आठवड्यांत असतो, हे मला पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं. आपल्याकडे तोवर बाळंतीण माहेरी पोचलेली असते आणि "धुपतंय, धुपू दे" म्हणून गप्प बसवलं जातं.

पिशवी काढण्याचा प्रश्न आपल्या राज्याला नवा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करायला शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. त्यामागे मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, खासगी दवाखान्यांचा लोभ अशी मोठी कारणं आहेत, आणि त्या सगळ्या बायकांना रक्ताचा आजार होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण "फार जातं" हे कारण लिहून जिथे जिथे पिशवी काढली जाते, तिथे आधी रक्त गोठण्याची पुरती तपासणी झाली होती का, हा रकाना केसपेपरवर असायला हवा. दोष असेल तर ऑपरेशन टेबलवरच तिचा जीव धोक्यात येतो, आणि दोष कळला असता तर कदाचित ऑपरेशनच लागलं नसतं.

कारण औषधं आहेत, आणि सगळी महाग नाहीत. रक्ताची धरलेली गुठळी लवकर विरघळू न देणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी जपानमधल्या डॉक्टर उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने १९६० च्या दशकात शोधली, ती आज आपल्या तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळते. माझी भाची पाळीचे पहिले चार-पाच दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेते. जोडीला हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, काहींना डेस्मोप्रेसिन (शरीरात साठलेलं हे प्रथिन रक्तात सोडायला लावणारं औषध), आणि ऑपरेशन किंवा बाळंतपणात गरज पडली तर फॅक्टरची इंजेक्शनं. पाळीत पोट दुखतं म्हणून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या अशा मुलींनी आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, कारण त्या प्लेटलेटचं काम आणखी मंदावतात. आमच्या शाळेच्या प्रथमोपचार पेटीत आता पोटदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल ठेवलं आहे. भाचीचं हिमोग्लोबिन सध्या साडेअकराच्या पुढे आहे आणि ती मिरजेला एमएस्सीचं पहिलं वर्ष करतेय.

सरकारी यंत्रणेबद्दल दोन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिली कायद्याची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला, हे मोठं काम झालं. पण त्याच्या अनुसूचीतली व्याख्या सांगते, की हा आनुवंशिक आजार सहसा फक्त पुरुषांना होतो आणि स्त्रिया तो आपल्या मुलग्यांकडे पोचवतात. म्हणजे बाई ही नुसती वाहक. व्हॉन विलब्रँड आजाराचं नाव त्या यादीत नाही. काही जिल्हा रुग्णालयांतून हिमोफिलियासाठी डे-केअर केंद्रं चालतात, तिथे मुलग्यांना वेळेवर फॅक्टर मिळतं, याचा मला आनंद आहे. त्याच दारातून मुलींनाही आत येता यावं.

दुसरी गोष्ट शाळेची, आणि ती उद्यापासून करता येण्यासारखी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं आमच्या शाळेत येतात, मुलांचं वजन-उंची, दात, डोळे, हृदय तपासतात. पथकात महिला डॉक्टर असतात. सहावीच्या पुढच्या मुलींच्या तक्त्यात चार प्रश्न वाढवा : पाळी सात दिवसांपेक्षा जास्त जाते का, किंवा तास-दोन तासांत पॅड भिजतो का? रक्त कमी म्हणून कधी उपचार झालेत का? दात काढल्यावर किंवा ऑपरेशननंतर रक्त थांबत नव्हतं असं कधी झालंय का? घरात कुणाला असा त्रास आहे का? जिचं एकाहून जास्त प्रश्नांना "हो" येईल तिला जिल्हा रुग्णालयात पाठवा. तिथे रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), पीटी आणि एपीटीटी करा, आणि ते नॉर्मल आले म्हणून फाइल बंद करू नका. व्हॉन विलब्रँडची तपासणी प्रत्येक जिल्ह्यात होणार नाही, हे मला कळतं. पण मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही केंद्र सरकारची संस्था याच कामासाठी आहे. निळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंत रक्त घेऊन, लगेच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, वेगळा करून, तो गोठवून पाठवला तर मुलीला मुंबईची वारी करावी लागणार नाही. नळी तशीच बर्फात घालून पाठवली तर पातळी खोटी कमी येऊ शकते, आणि ताप, ताण किंवा इस्ट्रोजेन या हार्मोनच्या गोळ्या चालू असताना घेतली तर खोटी जास्त. ओ रक्तगटाच्या माणसांची पातळी मुळातच थोडी कमी असते. म्हणून एका चाचणीवर निकाल लावायचा नसतो. हे सगळं लॅबमधल्या माणसाला एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवता येईल.

प्रश्न विचारायची जागा मात्र नीट निवडा. मागे एकदा हिमोग्लोबिनच्या शिबिरात मुलींना व्हरांड्यात रांगेत उभं करून, मुलांच्या देखत, "पाळी येते का?" असं ओरडून विचारलेलं मी पाहिलंय. तशाने एकही मुलगी खरं सांगणार नाही. प्रयोगशाळेचं दार लोटून, एकेकीला, बाई माणसाने विचारायचं. आम्ही शिक्षिकाही मदत करू शकतो, कारण आमच्या हातात हजेरीचा कॅटलॉग आहे. एखाद्या मुलीच्या नावापुढे दर महिन्याला त्याच सुमारास दोन-तीन गैरहजेऱ्या लागत असतील तर ते आम्हाला डॉक्टरांच्या आधी दिसतं.

या तपासणीला घरातून विरोध होतो तो लग्नाच्या धास्तीने. "रक्ताचा आजार" हे शब्द बाहेर गेले तर स्थळं येणार नाहीत, म्हणून माझ्या बहिणीने निदानाचे कागद वर्षभर कपाटात कुलपाखाली ठेवले होते. मी तिला तेच सांगितलं जे इथे लिहिते : ज्या मुलीचा आजार माहीत आहे, तिचं बाळंतपण आधी ठरवून, फॅक्टरची सोय असलेल्या रुग्णालयात करता येतं. जिचा माहीत नाही, तिला रात्री जीपमध्ये घालून रक्तपेढ्या शोधत फिरावं लागतं. भाचीने स्वतःच्या पाकिटात एक कार्ड ठेवलंय, त्यावर आजाराचं नाव, रक्तगट, कोणती औषधं द्यायची नाहीत आणि डॉक्टरांचा फोन नंबर लिहिलाय. लग्न ठरेल तेव्हा ते कार्ड पहिल्याच भेटीत मुलाला दाखवणार, असं ती म्हणते. मला तिचं म्हणणं पटतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यातल्या बहुतेकींना अन्न आणि गोळी लागेल, ती त्यांना मिळू दे. उरलेल्या काहींना गोळीबरोबर निदानही लागेल. शालेय तपासणीच्या पुढच्या फेरीचे तक्ते छापायला जाण्यापूर्वी हे चार प्रश्न त्यात घालावेत, आणि गर्भाशय काढण्याआधीच्या केसपेपरवर गोठण्याच्या तपासणीचा रकाना सक्तीचा करावा, अशी आपल्या दैनिकामार्फत जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी विनंती आहे.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका,
ता. तासगाव, जि. सांगली